गाईडवरचा नारळ

चार वर्षं मी त्या मशीनच्या ढुंगणापाशी उभी होते. हे वाचून कुणी नाक मुरडत असेल तर मुरडू द्या. लाकूड कापायच्या मशीनला पुढची बाजू असते आणि मागची असते. पुढं मिस्त्री उभा राहून फळी ढकलतो. मागं एक बाई उभी राहते, कापून आलेली फळी ओढून घेते आणि दिवसभर भुसा खाते. कारेगावात एमआयडीसीच्या कुंपणाला लागून सोपानरावांची पॅलेटची शेड आहे. कंपन्यांचा माल ज्या लाकडी चौकटींवर ठेवून ट्रकात चढवतात, त्या पॅलेट आम्ही बनवतो. तिथली भुसा खाणारी बाई म्हणजे मी, अनुपमा.

उन्हाळ्यात आमचा गोरखपूरचा मिस्त्री बहिणीच्या लग्नाला गेला तो गेलाच. सोपानरावांनी शिक्रापूरपर्यंत माणूस शोधला. एक मिळाला, तो सकाळी अकराला यायचा आणि बाराला जेवायला जायचा. आठ दिवस बघून मी म्हणाले, "आप्पा, मी चालवते." सगळी शेड हसली. खिळ्यांच्या गनवर बसणारा दत्ता तर इतका हसला की त्याच्या तोंडातला मावा थेट पॅलेटवर पडला. मी चालवली. मागं ओढायला ज्याचा हात मोकळा असेल तो यायचा. पाच महिने एक फळी वाकडी गेली नाही. हसणं थांबलं, पण मी कधी चुकते याची वाट सगळे बघत होते, जशी लोकं लग्नात जेवणाची बघतात.

मग खंडेनवमी आली.

सोपानरावांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो. खिशात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा असतो. कार्डावर हात जोडलेला फोटो आणि खाली 'भावी सभापती'. भावी होऊन त्यांना नऊ वर्षं झाली. तर नवमीला मशीन धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि सोपानरावांनी मशीनवर नारळ फोडायचा. कुठं फोडायचा? गाईडवर.

गाईड म्हणजे ब्लेडच्या उजवीकडची लांब, जाड लोखंडी पट्टी. फळी तिला टेकवून ढकलायची. गाईड सरळ तर फळी सरळ. तिचं पुढचं डोकं दोन बोल्टांवर आवळलेलं असतं, शेपटी मोकळीच असते. सोपानराव बरोबर त्या शेपटीवर बाहेरच्या अंगानं नारळ हाणतात, कारण तिथं उभं राहिलं की मागचं बॅनर फोटोत येतं. यंदाचा नारळ टणक होता. तीन टोले लागले. तिसऱ्याला फुटला तेव्हा सोपानरावांनी कॅमेऱ्याकडं बघून असा चेहरा केला, जसं काही त्यांनी किल्ला घेतला.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी मी पहिली फळी घातली आणि जळका वास आला. कापलेली कड चहासारखी तपकिरी झाली होती. दुसरी फळी अर्ध्यात चिमटली, ब्लेडनं ती उचलली आणि उलटी फेकली. माझ्या कमरेच्या वीतभर अंतरावरून गेली आणि माझ्या पाठीमागच्या पत्र्याला भोक पाडून थांबली. मी तसंच दामटून काम केलं, कारण थांबले असते तर बाईमाणूस घाबरलं म्हणाले असते. ही माझी चूक. शनिवारी कंपनीनं गाडी परत पाठवली. फळ्या एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळत्या. एका पॅलेटवर दुसरी बसेना.

सोपानराव शेडमध्ये आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या आई होत्या, साखरबाई. ही म्हातारी एरवी शेडमध्ये पाऊल टाकत नाही. आली म्हणजे काहीतरी शिजलं होतं.

"भर नवमीला ही मशीनला शिवली," म्हातारी मला न बोलता सगळ्यांना बोलली. "हिची अडचण चालू हुती."

नवमीच्या सकाळी मी दत्ताच्या बायकोकडं, प्रगतीकडं, पॅड मागितलं होतं. ती खिळे मोजून दत्ताच्या हातात देते. बातमी तशीच दत्ताच्या हातात गेली आणि दत्तानं ती वर पोचवली.

"खरं का?" सोपानरावांनी विचारलं. माझ्याकडं न बघता, ब्लेडकडं बघत.

"खरं. गेल्या महिन्यात बी हुती, त्याच्या आदल्या महिन्यात बी. तवा फळ्या सरळ आल्या की."

"तवा नवमी नव्हती," म्हातारी म्हणाली.

ह्या असल्या हिशोबाला उत्तर नसतं, म्हणून तर तो टिकतो.

सोपानरावांनी निकाल दिला. सोमवारी दहाला मशीनवर परत नारळ, म्हणजे झालं गेलं धुऊन जाईल. त्यानंतर मशीनवर दत्ता. मी मागं, फळ्या ओढायला.

"मला यील का पण?" दत्ता म्हणाला.

"बाईला येतं, तुला न्हाई येणार व्हय?"

म्हणजे बघा. मला येतं हे मान्य होतं, पण त्याचा उपयोग दत्ताची लाज काढायला.

रविवारी मी घरात भांडी आपटत होते. मशीनच्या मागं परत जायचं, परत भुसा खायचा, आणि तेही कशामुळं, तर माझं शरीर वेळेवर चालतं म्हणून. आपटता आपटता एकदम मिस्त्री आठवला. दरवर्षी दसरा झाला की दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि गाईडशी काहीतरी ठोकठोक करायचा. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता, "देवता को चोट लगी है, बहन. सीधा कर रहा हूँ." मला वाटलं होतं, पूजेचंच काही असेल. चार वर्षं मी गाईडच्या शेपटीपाशी उभी होते. नारळाचं पाणी माझ्या साडीवर उडायचं. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो पाचव्या वर्षी, कुकर घासताना. मिस्त्री सोपानरावांना कधीच बोलला नाही. परक्या मुलखात त्याला देवाशी आणि मालकाशी एकदम भांडायचं नव्हतं. मला दोघांशीही भांडायला काही वाटत नाही.

सोमवारी सातला मी शेडवर. मशीनच्या टेबलाला ब्लेडच्या उजवीकडं पुढून मागं गेलेली एक सरळ खाच असते. त्या खाचेत सरकेल असा लाकडाचा ठोकळा मी कापला आणि गाईडच्या बाजूला त्यात एक स्क्रू पिळला. पुढच्या टोकाला स्क्रू आणि गाईड ह्यांच्यामध्ये एक व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट ठेवली. कार्ड सोपानरावांचं, शेडमध्ये तीच पडलेली असतात, केर भरायलाही. ठोकळा मागं सरकवला. अर्ध्यात घट्ट झाला, पाऊण अंतरावर अडकला. म्हणजे गाईडची शेपटी ब्लेडकडं झुकलेली. फळी पुढून मोकळी आत जाणार आणि मागं चिमटणार. मग ती जळेल नाहीतर काय करेल, आरती म्हणेल?

बोल्ट ढिले केले, लाकडी हातोडीनं शेपटी हळूच बाहेर ठोकली. आवळताना गाईड परत हलली. मी तिला मिस्त्रीच्या भाषेतली एक शिवी दिली आणि आपल्या भाषेतल्या दोन. तिसऱ्या वेळेला बसली. पुढं कार्ड घासून जातं, मागं केसभर सैल. एक फळी घातली. लोण्यासारखी गेली, कड पांढरीशुभ्र.

इथं एक खरं सांगते. एकदा वाटलं, काही बोलूच नये. नारळानं परत गाईड वाकडी होईल, मशीनवर दत्ता असेल, आणि एक फळी उलटी येऊन त्याला बसेल. प्रगतीचा चेहरा डोळ्यांपुढं आला म्हणून तो विचार सोडला. दत्तावर दया आली असं कुणी समजू नये.

दहाला सगळे जमले. म्हातारीला खुर्ची दिली. दत्ता मोबाईल धरून उभा. सोपानरावांनी नारळ उचलला.

"आप्पा, हाणायच्या आधी एक बघा," मी म्हणाले आणि ठोकळा खाचेत ठेवला, कार्ड लावलं.

"माझं कार्ड कशाला?"

"एवढं एकसारखं दुसरं काय हाय इथं?"

ते खूश झाले. मी कार्डासकट ठोकळा पुढून मागं नेला. सर्रकन गेला. परत पुढं आणला. "बघितलं ना सगळ्यांनी? आता फोडा."

सोपानरावांनी नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोरानं हाणला. दोन टोल्यांत फुटला. म्हातारीनं हात जोडले. मी पाणी पुसलं आणि ठोकळा परत लावला. अर्ध्यावर करकरला. मी जोर लावला, तेव्हा कार्ड चुरगळून फाटलं. फोटो गळ्यापाशी तुटला. 'भावी' एकीकडं, 'सभापती' दुसरीकडं.

दत्ता व्हिडिओ बंद करायचाही विसरला.

"ही काय नाटकं हायत?" सोपानराव म्हणाले.

"नाटक न्हाई. तुमचा नारळ गाईडला लागतो, गाईड सरकती, फळी चिमटती. नवमीला तीन टोले लागलं. आज दोन."

"म्हंजी देवाचा नारळ वाईट व्हय?"

"नारळ चांगला हाय. जागा वाईट हाय."

म्हातारी खुर्चीतून उठली. काठी टेकत आली आणि ठोकळ्याला बोट लावून ढकललं. हलेना. तिनं माझ्याकडं बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. "ह्यो आधी जात हुता?"

"तुमच्यापुढंच गेला की, आई."

ती लेकाकडं वळली. "दरसाल हितंच फोडतोस?"

"व्हय."

"का?"

सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले, "फोटोत बॅनर येतं."

"मग बॅनर हलव की, मुडद्या! लोखंड कशाला हलवतोस?"

प्रगती फस्सकन हसली, मग तोंडावर पदर धरला. म्हातारी जायला निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "तरी बी अडचणीत शिवायचं न्हाई."

"पुढच्या महिन्यात शिवणार हाय," मी म्हणाले. "फळ्या मोजायला या."

ती काठी टेकत निघून गेली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. असल्या गोष्टींत माफी पुस्तकात मागतात.

सोपानराव वाकडी गाईड आणि फुटका नारळ बघत उभे होते. बाहेर ट्रक हॉर्न मारत होता. दुपारपर्यंत कंपनीला माल पाहिजे होता.

"आता हे सरळ कोण करणार?" ते म्हणाले. दत्तानं पान्याकडं असं बघितलं, जसं तो चावेल.

मी हात पुढं केला. पाना सोपानरावांनी स्वतः दिला.

"आन् कार्ड द्या. पहिलं फाटलं."

त्यांनी खिशातून नवं कार्ड काढलं, स्वतःचा फोटो एकदा बघितला आणि फोटो खाली करून माझ्या हातात ठेवलं.

दहा मिनिटांत गाईड बसली. मी मशीन चालू केली, फळी उचलली, तर मागं ओढायला कुणीच नाही.

"दत्ता, मागं जा," मी म्हणाले.

"मी? मग गन कोण चालवणार?"

मी काही बोलायच्या आत प्रगतीनं त्याच्या हातातून गन काढून घेतली.