मागच्या खोलीतले विमान

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. लगेच नाक मुरडू नका. मी झाडूचा दांडा नाही की कुऱ्हाडीचाही नाही. मी विमानाचा दांडा आहे. लहान विमानात वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मी उभा असतो. मला मागे ओढले की विमान वर चढते, पुढे लोटले की खाली येते, बाजूला कलवले की वळते. माझ्या माथ्यावर, जिथे अंगठा टेकतो तिथे, एक लाल बटण आहे. माझ्या आयुष्यात जे काही बरेवाईट घडले ते बहुतेक त्या बटणामुळेच घडले. सावकाश सांगतो, कारण आता मी फार थकलो आहे.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमची नळी वाकवून मला घडवले. वर रबरी मूठ बसवली, आत तारा ओवल्या आणि एका शिकाऊ विमानात मला पक्के केले. तिथे मी अकरा वर्षे काढली. विमान चालवायला शिकणारी कितीतरी मुले-मुली मला धरून बसली. पहिल्या दिवशी सगळेच मला असे आवळायचे की मी पळून जाणार आहे असे वाटावे. तळव्यांना दरदरून घाम सुटायचा. महिनाभराने तीच मुले मला दोन बोटांत धरायची. आमचे शिक्षक रोज संध्याकाळी एका पिवळ्या फडक्याने मला पुसून ठेवत. त्या काळी माझे बटण बोलण्यासाठी होते. ते दाबले की वैमानिकाचा आवाज विमानतळाच्या मनोऱ्यात ऐकू जाई, आणि मनोऱ्यातून उतरायची परवानगी मिळे.

मग आमच्या विमानाचा पंख निखळला. जमिनीवरच, एका ट्रकची धडक बसून. दुरुस्तीला कुणी हात घातला नाही. शेडच्या मागे चार पावसाळे आम्ही उभे होतो. इंजिन गेले, चाके गेली, काचा गेल्या. माझ्या रबराला भेगा पडल्या. ज्या शिक्षकांनी मला पुसले तेही कुठेतरी बदलून गेले. शेवटी भंगाराच्या ढिगात मी एका मोडक्या सायकलीखाली जाऊन पडलो. तिथे किती दिवस गेले ते मला ठाऊक नाही.

तिथून मला एका फिटरने उचलले. तीस वर्षे कारखान्यात यंत्रे जोडून-सोडून त्याच्या कानांनी बराच संप पुकारला होता, पण हात शाबूत होते. त्याच्या मुलीला घरात चिमणी म्हणत. चिमणी चोवीस वर्षांची होती आणि विमान चालवायला शिकत होती. शाळेत आठवड्यातून दोनच दिवस विमान हाती येई. बाकीच्या दिवसांत सराव व्हावा म्हणून बाप घराच्या मागच्या खोलीत तिच्यासाठी विमान बांधत होता.

विमान म्हणजे काय, तर एक संगणक, तीन पडदे आणि एका फळीवर बसवलेला मी. चिमणी आधी चाकांच्या खुर्चीत बसायची. मला मागे ओढले की खुर्ची पुढे सरकायची आणि तिचे गुडघे टेबलावर आपटायचे. फिटरने ती खुर्ची काढून एका जुन्या व्हॅनची सीट बोल्टने जमिनीला आवळली. विमानाचा वेग वाढला की दांडा जड होतो हे त्याला कुणीतरी सांगितले, म्हणून त्याने माझ्या पायाला रबराच्या पट्ट्या बांधल्या. सीटखाली शिलाई मशीनची मोटर लावली, म्हणजे इंजिनाची थरथर जाणवावी. थरथर एवढी जाणवली की स्वयंपाकघरातल्या कपबशा नाचू लागल्या आणि चिमणीच्या आईने कपाळाला हात लावला. मला हे सगळे बघून हसू यायचे आणि कीवही यायची. रबर म्हणजे वारा नव्हे, हे मला माहीत होते. पण भंगारातून उठून पुन्हा कुणाच्या तरी हाती आलो होतो, म्हणून मी मुकाट होतो.

एक गोष्ट मात्र मला फार खुपली. चिमणीला कुणी हाक मारली की तिला कळफलकाकडे हात न्यावा लागे आणि संगणक थांबवावा लागे. बापाला वाटले, पोरीचे हाल कशाला. म्हणून त्याने माझे लाल बटण संगणकाला जोडले. ते दाबले की सगळे जागच्या जागी थांबायचे. ढग थांबायचे, घड्याळ थांबायचे, विमान हवेत लटकून राहायचे. हे त्याने प्रेमापोटीच केले. आधी चिमणी जेवायला जाताना ते दाबायची. नंतर फोन आला की दाबायची. आणि पुढे पुढे विमान उतरताना वाकडे जाऊ लागले की दाबायची, श्वास घ्यायची, विचार करायची आणि पुन्हा चालू करायची. घरात तिचे उतरणे अगदी सुबक होऊ लागले. बाप खूश झाला. मला ओरडून सांगावेसे वाटे की अरे बाबांनो, खऱ्या विमानात या जागेवर दुसरेच बटण असते! पण दांड्याला तोंड कुठे असते?

चिमणीच्या परीक्षेचा दिवस आला. ती सकाळी हसत गेली आणि दुपारी परतली ती सरळ पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. नापास झाली एवढेच तिने सांगितले. शाळेचा नियम होता की दुसरी संधी मिळते, तिसरी नाही. पुन्हा नापास झाली तर शाळेतून तिचे नाव कमी होणार होते. तीन दिवस ती मागच्या खोलीकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी बाप माझ्या रबरी पट्ट्या बदलत बसला होता, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मी बटण दाबलं," ती म्हणाली.

बापाला नीट ऐकू आले नाही. "काय दाबलं?"

"बटण! उतरताना वाऱ्याचा झोत आला, विमान डावीकडे सरकलं आणि मी बटण दाबून बसले. सगळं थांबेल म्हणून. मनोऱ्यात नुसता माझा श्वास ऐकू जात होता. परीक्षकांनी विमान हातात घेतलं, नाहीतर..."

फिटर हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. मित्रांनो, त्या क्षणी मला भंगारातली ती मोडकी सायकल बरी वाटली. चूक माझ्या माथ्यावर होती आणि मी ती रोज तिच्या अंगठ्याला शिकवत होतो. बापाने स्क्रू काढले आणि बटणाची तार उपटली. ती तो फेकणार एवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

"ती तार टाकू नका. मला द्या."

आईविषयी सांगायचे राहिले. ती सव्वीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोक घाईत असोत, रडत असोत, भांडत असोत, ही शांतपणे नंबर विचारायची आणि समोरच्याकडून तो पुन्हा वदवून घ्यायची. तिने माळ्यावरून दोन जुने टेलिफोन काढले. एक स्वयंपाकघरात ठेवला आणि दुसऱ्याचा लाऊडस्पीकर माझ्या शेजारी बसवून माझ्या बटणाची तार त्याला जोडून घेतली. वैमानिक आणि मनोरा यांच्या बोलण्याचे चिमणीचे पुस्तक तिने आठ दिवसांत पाठ केले. मग तिने घराला नियम घालून दिला. संगणक चालू झाला की विमान उतरेपर्यंत थांबवायचा नाही. लाल बटण दाबले की मनोऱ्याशी, म्हणजे आईशी, बोलायचेच. आणि आई जे सांगेल ते शब्दशः परत म्हणून दाखवायचे.

एकदा मामा भेटायला आले आणि पाऊण तास बाहेरच्या खोलीत बसून राहिले. "चिमणी आत्ता हवेत आहे," आई त्यांना म्हणाली, "उतरली की येईल." मामांनी पंख्याकडे पाहिले आणि पाणी मागितले.

आई मनोरा म्हणून फार कडक निघाली. चिमणी उतरायच्या बेतात आली की ती हटकून म्हणे, "धावपट्टीवर कुत्रं आलंय. फिरून ये."

"आई, पडद्यावर कुत्रं नाहीये!"

"मला दिसतंय ना. मनोऱ्यात कोण बसलंय, तू की मी? परत म्हण."

"कुत्रं आलंय, फिरून येते," चिमणी दात-ओठ खात म्हणायची. मग डाव्या हाताने इंजिनाचा जोर वाढवायचा, मला हलके मागे घ्यायचे, वर चढायचे आणि पूर्ण चक्कर मारून पुन्हा उतरायला यायचे. एका संध्याकाळी कुत्रे सहा वेळा आले. सहाव्या वेळी चिमणी रडली. तिचा तळवा माझ्यावरून घसरत होता, तरी तिने विमान वर नेले. सातव्या वेळी आई काही बोलायच्या आतच, विमान वाकडे जाताना पाहून, चिमणीचा डावा हात आपोआप पुढे गेला. अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. त्या दिवशी मला प्रथमच त्या खोलीत खऱ्या विमानात असल्यासारखे वाटले. रबराने आणि मोटरने जे साधले नव्हते ते एका बाईच्या आवाजाने साधले होते.

सात आठवड्यांनी दुसरी परीक्षा झाली. त्या दिवशी फिटरने घरी तोच एक स्क्रू चारदा काढला आणि चारदा लावला. दुपारी फाटक वाजले. चिमणी बूटही न काढता सरळ माझ्याकडे आली, व्हॅनच्या सीटवर बसली आणि तिने माझे बटण दाबले.

"मनोरा, चिमणी सुखरूप उतरली. पास."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"परत म्हण."

"चिमणी सुखरूप उतरली. पास."

"आणखी एकदा."

नंतर चिमणीने सगळे सांगितले. अगदी उतरताना तसाच वाऱ्याचा झोत आला होता. तिने इंजिनाचा जोर वाढवला, विमान वर नेले, मग बटण दाबून फिरून येते म्हणून कळवले आणि दुसऱ्या खेपेला नीट उतरली. एवढ्या शांतपणे फिरून जायला कोणी शिकवले, असे परीक्षकांनी विचारले. चिमणी म्हणाली, टेलिफोनवाल्या बाईंनी. बापाने हे तिच्याकडून तीनदा मोठ्याने वदवून घेतले आणि त्याला ते तिन्ही वेळा ऐकू आले होते असा मला संशय आहे.

आता चिमणी दूरच्या एका गावी असते आणि टपालाचे विमान चालवते. मागच्या खोलीत पडदे बंद आहेत. फिटरने माझ्यावर एक जुनी चादर टाकली आहे. रबर पुन्हा चिरू लागले आहे. मी तक्रार करत नाही. दमलेल्याला झाकून ठेवले तर त्यात वाईट काय? आणि मुलगी उडाली, यापेक्षा दांड्याला आणखी काय हवे?

पण मित्रांनो, एका गोष्टीने मला विश्रांती मिळत नाही. चिमणी आईला रोज फोन करते, पण घाईत. "आई, निघायचंय, नंतर बोलते," एवढे होते आणि फोन ठेवला जातो. मग संध्याकाळी, सरावाच्या वेळेला, माझ्या शेजारचा लाऊडस्पीकर खरखरतो आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, "चिमणी, कुठवर आलीस?" थोडा वेळ ती थांबते. शेजारच्या खोलीत बसलेल्या फिटरला ते ऐकू येत नाही. मला येते, पण मला बोलता येत नाही. मग ती रिसीव्हर ठेवते.

तुम्ही कधी अशा घरी गेलात, तर माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. मागच्या खोलीत या, चादर बाजूला करा आणि लाल बटण दाबून त्या बाईला काहीतरी उत्तर द्या. तार अजून शाबूत आहे.