ओजस तंबूतून निघालाय

ओजसला सकाळी उठवलं, तरी तंबूच्या दारापर्यंत यायला त्याला जेवणाची वेळ व्हायची. चार वर्षांचं पोर, त्याचे पाय ते केवढे, आणि त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंतचं अंतर प्रत्येक मुक्कामाला वाढत होतं. बाहेरून तंबू तेवढाच होता, चार माणसांचा, हिरवा, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेला. लांबत होता तो फक्त आतून.

सांगलीचा फ्लॅट भाड्याने देऊन हृषीकेश आणि शलाका दोन पोरांना घेऊन गाडीने भटकायला निघाले, त्याला आता वर्ष होत आलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं नातेवाईक नाक मुरडून म्हणाले. हृषीने ते कौतुक म्हणून घेतलं. एका जागी आठवड्याहून जास्त राहायचं नाही हा त्याचा एक नियम, आणि तंबूची घडी आपणच घालायची हा दुसरा. गुडघ्यांनी रेटून, आतली सगळी हवा काढून, तो अशी गुंडाळी करायचा की पिशवीत आणखी एक तंबू मावला असता. घडी जितकी घट्ट, तितका पुढच्या ठिकाणी तंबू आतून लांब. हे दोघांच्याही लक्षात आलं होतं आणि, खोटं कशाला बोला, दोघांनाही ते आवडलं होतं. फुकटची जागा कोणाला नको असते? शलाकाला स्टोव्हसाठी कोपरा मिळाला. हृषीला लॅपटॉप घेऊन बसायला आडोसा मिळाला. आठ वर्षांच्या ऋताने दाराजवळची खिडकी पटकावली. ओजस झोपेत लाथा मारायचा, म्हणून त्याचं अंथरूण सगळ्यात मागे गेलं. मुलांनाही स्वतःची जागा हवी, असं शलाकाच म्हणाली होती.

मग तो जेवायच्या वेळेलाही पोचेनासा झाला. त्याचा आवाजही उशिरा यायला लागला. सकाळी मारलेल्या हाकेला ओ यायची ती चहाच्या वेळी, पुढे पुढे दुसऱ्या दिवशी. एकदा शलाका त्याला आणायला आत गेली. दिवसभर चालली, तेव्हा त्याचा एक मोजा सापडला. तेवढ्यात मागून ऋताची हाक आली. ती तापाने फणफणली होती आणि आईला बोलावत होती. शलाका मोजा हातात घेऊन परत फिरली आणि दारापर्यंत रडत आली.

तेव्हापासून ती डबा भरून आत ढकलायची. डबा तळाच्या कापडावरून सरकत दिसेनासा व्हायचा आणि कधीतरी रिकामा होऊन तसाच परत यायचा. आधी त्याला अर्धी पोळी जास्त व्हायची. मग दोन पुरेनात. मग चार पोळ्या आणि वर भाताचाही चट्टामट्टा होऊ लागला.

"वाढत्या अंगाचं पोर आहे," हृषी म्हणाला.

तो आत असेपर्यंत घडी घालायची नाही, म्हणून आता मुक्काम हलवताना ते उभा तंबूच गाडीच्या टपावर बांधून न्यायचे. या खेपेला त्यांनी धरणाच्या पाण्याकाठी, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या, पीक घ्यायच्या गाळपेराच्या जमिनीवर तंबू ठोकला होता. ऊन उतरल्यावर शेताचे मालक सर्जेराव म्हशी हाकत खाली आले.

"ताई, सांजच्याला वरच्या धरणातनं पाणी सोडायलेत. ही जागा बुडती. तंबू हलवा तेवढा."

"मुलगा आत आहे," शलाका म्हणाली.

"मग उठवा की त्येला."

"उठवलंय. त्याला यायला वेळ लागतो."

सर्जेरावांनी चार पावलांच्या त्या तंबूकडे पाहिलं. शहरातली माणसं पोरांना फार लाडावून ठेवतात, असं काहीतरी पुटपुटत ते म्हशी घेऊन वर गेले.

शलाकाने दाराची चेन उघडून आत तोंड घातलं. "ओजस, पळत ये रे बाळा."

"आई, मी दात घासले," आतून ओजस म्हणाला. ते कुठल्या दिवशीचे दात होते कोण जाणे.

पाणी दिसायला लागलं होतं. आवाज न करता ते ढेकळांमधून पुढे येत होतं.

"आहे तसाच उचलू," शलाका म्हणाली. "घडी नको घालूस."

"उभा तंबू उचलून हा चढ चढणार? काठ्या मोडल्या तर छत त्याच्या अंगावर येईल." हृषी मागच्या बाजूला जाऊन खुंट्या उपटू लागला. "मी मागून गुंडाळत येतो. हवा कशी दारातून बाहेर पडते? तसाच तोही पुढे सरकेल."

तो काही वाईट बाप नव्हता. वर्षभर त्याला एकच गोष्ट चोख जमली होती, आणि तिच्यावर त्याचा आंधळा विश्वास होता. शलाकाला भीतीने दुसरं काही सुचेना. बुडत्याला काडीचा आधार, तशी ती हो म्हणाली आणि दारात पालथी पडून दोन्ही हात आत घालून राहिली.

"त्याला लागणार नाही ना?" ऋताने विचारलं.

"बाबा हळू करतायत."

हृषीने पहिला वेढा घातला आणि त्यावर गुडघा रोवला.

"आई, मागची भिंत चालतेय," ओजस म्हणाला. आवाज जवळचा होता. कितीतरी महिन्यांत इतका जवळून आला नव्हता. शलाकाला आनंदाने हसू फुटलं.

दुसरा वेढा. "आई, मी पळतोय." या वेळी आवाज मध्येच चिरकला, मिसरूड फुटणाऱ्या पोरांचा चिरकतो तसा.

"आणखी दाब," शलाका म्हणाली.

त्यानंतर बोलणं आलं नाही. धावणाऱ्या पावलांचा आवाज आला, जड आणि दमलेला. तळाचं कापड तिच्या छातीखाली हादरत होतं. पाणी ऋताच्या चपलांना लागलं. हृषी आता शेवटच्या वेढ्यावर होता, आणि त्याच्या गुडघ्याखाली कापड फुगून वर येत होतं.

आतून एका हाताने शलाकाचं मनगट पकडलं. तो हात तिच्या हातापेक्षा मोठा होता. बोटांवर केस होते आणि नखं वाढलेली होती. अंगठ्याने तिच्या बांगडीखाली जागा शोधली आणि तो तिथे टेकला, ओजस झोपताना टेकवायचा तसा.

"सापडला का?" हृषीने विचारलं.

"सापडला."

"मग ओढ ना. पाणी आलं."

तिने ओढलं. आतल्यानेही ओढलं, आणि त्याच्यात ताकद जास्त होती. तिचं डोकं आत गेलं, मग खांदे. ऋताने मागून आईचे दोन्ही पाय कवटाळले आणि पाण्यात बसकण मारली. दोघांपैकी कोणीच सोडायला तयार नव्हतं, आणि शलाका कमरेपाशी हळूहळू लांब होऊ लागली.