तेवढ्या पैशांत मिक्सर येतो

"अहो, हललं! हललं बघा!" पाळणा फलाटावरून सुटला तसं काकूंनी नवऱ्याचं मनगट जे धरलं, ते सोडायला काही तयार नाहीत.

"हलणारच. तारेवर लटकतोय तो," गॅरंटीकाका म्हणाले खरे, पण डोळे त्यांनीच गच्च मिटले होते.

घरगुती वस्तूंच्या दुकानात माल विकण्यात जन्म गेला त्यांचा. "न्या हो बिनधास्त, गॅरंटी माझी!" म्हणता म्हणता नाव पडलं ते पडलंच. दुकानात दाखवायला मांडलेली वस्तू जुनी झाली की नोकरांना स्वस्तात मिळायची, आणि काका ती घरी आणायचे. तीन माणसांच्या घरात दोन फ्रिज! सोफ्यावरचं प्लास्टिक काढायची तर कुणाची बिशाद नव्हती. उन्हाळ्यात पाहुणे उठले की सोफा त्यांना चिकटूनच उठतो की काय असं वाटायचं.

काकूंनी जन्मात एकच मागितलं होतं. लग्न नवं असताना समोरच्या डोंगरावर हा तारेवरचा पाळणा सुरू झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा.

"एकदा बसू या ना त्यात."

"अगं, भुर्रकन वर, भुर्रकन खाली. घरी काय येणार त्यातून? तेवढ्या पैशांत मिक्सर येतो!"

आणि खरंच मिक्सर आला. पुढच्या वर्षी इस्त्री. मग काकूंनी विचारणंच सोडलं.

अलीकडे त्यांना विसरायला होऊ लागलं. जुनं सगळं लख्ख, सकाळचं मात्र संध्याकाळी नाही. त्यात ती जुनी मागणी परत आली, रोज. मुलगी फोनवर कडाडली, "खड्ड्यात गेल्या तुमच्या वस्तू, बाबा! आता तरी आईला न्या."

म्हणून आज नेलं.

"अहो, डोळे उघडा की! आपलं घर बघा, काडेपेटीएवढं!" काकू लहान पोरीसारख्या खिदळत होत्या. बायको अशी हसते हे काकांना माहीतच नव्हतं. खाली उतरल्यावर त्यांनी मुकाट्यानं पुन्हा तिकिटं काढली. केवढा गाढव मी, ते मनाशी म्हणाले, केवढा गाढव.

संध्याकाळी काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या.

"अहो, तो पाळणा बघा ना. एकदा तरी बसायला हवं होतं त्यात."

आज दोनदा बसलो की आपण, हे काकांच्या ओठांवर आलं होतं. पण म्हणाले ते एवढंच:

"उद्या जाऊ."

"जाऊ द्या हो," काकू समजूत घातल्यासारखं हसल्या. "तेवढ्या पैशांत मिक्सर येतो."

मनगटावर तिच्या नखांच्या खुणा अजून लाल होत्या. काकांनी त्यांवरून हळूच बोट फिरवलं आणि दिवा न लावता ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.