नुसतं बघणं

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही कान इकडे द्या. इस्पितळाच्या धुलाईघरातली गोष्ट सांगतो. गोष्ट एका शब्दाची आहे: 'नुसतं'.

त्या धुलाईघरात दोघी जावा कामाला. वॉर्डातून आलेली एकेक चादर थोरली टेबलावर झटकायची, धाकटी ती यंत्रात भरायची. एके दिवशी कामाचा नकाशा काढणारे साहेब आले. काम कुठून येतं, कुठे अडतं, ते चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटवायचे, मधे बाण काढायचे. माणूस वाईट नव्हता हो. चहासुद्धा उभ्याउभ्याच प्यायचा.

थोरलीला त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही काय करता?"

ती बिचारी संकोचली. "मी कसलं काय करते साहेब! चादर झटकते नि नुसती बघते."

साहेबांनी चिठ्ठी लिहिली, 'नुसतं बघणं'. घड्याळ लावलं. चादरीमागे वीस सेकंद वाया. चिठ्ठीवर लाल फुली! टेबल उचललं, थोरलीला घड्या घालायला बसवलं. चादरींचा गाडा थेट यंत्राशी जाऊ लागला. भिंतीवरचा बाण आता असा सरळ, की बघत राहावं.

नवव्या दिवशी धाकटी किंचाळली. चादरीत इंजेक्शनची वापरलेली सुई अडकली होती. हातमोजा फोडून ती बोटात रुतली. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, औषध दिलं, म्हणाल्या, "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. सुईतून कुणाचा रोग अंगात आला का, ते तोवर खात्रीने सांगता येत नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चादरी झटकताना सापडलेल्या सुया ती ज्यात टाकायची, तो कोपऱ्यातला डबा तिने उचलला आणि तडक वर गेली. साहेब मोठ्या डॉक्टरांना भिंत समजावून सांगत होते. तिने डबा त्यांच्यापुढे आदळला.

"हे माझं नुसतं बघणं. दोन महिन्यांचं."

"बाई, आवाज खाली," मोठे डॉक्टर म्हणाले.

"आजवर खालीच होता की! म्हणून तर फुली पडली."

साहेबांचा चेहरा उतरला. "पण मावशी, तुम्हीच म्हणालात, नुसती बघते."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. "म्हणाले! झडो माझी जीभ! पण काय बघता, असं विचारलंत? सेकंद मोजलेत, एकदा वाकून चादरीत डोकावलात? आता घ्या चिठ्ठी. लिहा, 'सुया काढणे'. ठळक लिहा."

साहेबांनी लिहिलं. संध्याकाळच्या आत टेबल जागेवर आलं.

पण राग कुठे जातो? घरी धाकटी आपलं ताट वेगळं ठेवते. असं काही लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगूनही लेकीला गालाची पापी घेऊ देत नाही. थोरली ते बघते. नुसती बघते, आणि दात आवळते.

तीन महिने अजून भरायचे आहेत. तेव्हा बाबांनो, इस्पितळातल्या स्वच्छ चादरीवर कधी पाठ टेकलीत, तर देवाकडे स्वतःसाठी मागून झालं की त्या धाकटीचीही आठवण ठेवा.