चौथा ठोका

पडद्यावर चौथी रेघ उसळली आणि कामिनीला हसू आवरेना.

"काय वं, एकटीच हसून राहिली?" शेजारच्या सोनिकाने विचारलं.

"काही नाही. आमच्या ह्यांचा राग गेला वाटते."

नागपूरच्या त्या थंडगार ऑफिसात बसून कामिनी समुद्रातल्या तेलाच्या पाइपाला कान लावून असे. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पाइप वाकणारा, आत पोलादी तारांचे वेढे. एखादी तार तुटली की सेन्सर तो आवाज टिपायचा आणि इथे रेघ उसळायची. सेन्सर चालू आहे ना, हे बघायला रिगवरचा, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावरचा, एक माणूस रोज सकाळी पाइपावर हातोडीचे तीन ठोके द्यायचा. तो माणूस तिचा नवरा, ऋषिकेश. नेमाचे तीन, आणि चौथा बायकोसाठी. कामिनी चारही रेघांवर ‘चाचणी’ असा शेरा मारायची. हा चावटपणा कंपनीला कळता तर दोघांनाही नारळ मिळाला असता.

या खेपेला रिगवर जाताना तो भांडून गेला होता. "नोकरी सोड अन् उमरेडले मायजवळ राहा," तो म्हणाला, आणि ती नाही म्हणाली. तेव्हापासून फोन बंद. ठोकेही तीनच. बाई एरवी शहाणी, पण नवऱ्याच्या बाबतीत अगदीच वेडी. रोज चौथ्याची वाट बघायची आणि तोंड पाडून घरी जायची.

आज तो चौथा ठोका आला. दुसऱ्या दिवशीही आला. त्यानंतर तर चौथा आणि पाचवा. लाडात आलाय, म्हणत तिने त्यांच्यावरही ‘चाचणी’ लिहिलं. ठोक्यांनंतर लगेच पाइपात दाब चढवतात, दाबाने तारा तुटू शकतात, हे तिला पाठ होतं. पण तेव्हा तिला नवरा हवा होता.

त्याच आठवड्यात पाइप फाटला, वायूने पेट घेतला. ऋषिकेश वाचला. दोन्ही हात मनगटापासून गेले.

वाडीच्या भाड्याच्या खोलीवर चौकशीला कंपनीचे ओमप्रकाश साहेब आले, तेव्हा कामिनी ऋषिकेशला वरणभात भरवत होती.

"ह्या मॅडम म्हणतात, जास्तीचे ठोके तुमचेच असायचे."

हो म्हणा जी, एवढंच म्हणा. कामिनी मनातल्या मनात त्याच्या पाया पडली. निदान चूक दोघांची झाली असती.

"नाही," ऋषिकेश म्हणाला. "मी तीनच मारत होतो."

"पण वर्षभर चार-चार रेघा दिसतात."

"त्या माह्या नाहीत साहेब. रिगवर असा पोरखेळ चालते काय?"

साहेबांनी कामिनीकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या हिशेबाने वर्षभर तारा तुटत होत्या आणि ही बाई शेरे मारत बसली होती. ते फाइल मिटून उठले.

"काहून खोटं बोलले जी?" ते गेल्यावर तिने विचारलं.

"म्हणत होतो ना, नोकरी सोड. आता सुटली."

तिच्या हातातला घास गार झाला होता. तिने तोच पुढे केला. ऋषिकेशने तोंड उघडलं. त्याला भूक लागली होती.