फोटो न काढलेलं मनगट

रखमाच्या तव्यावर भाकरीऐवजी होडी उतरू लागली, तेव्हा घराला कळलं की तिच्या उजव्या मनगटात काहीतरी वाकडं राहिलंय. एरवी पुनवेचा चंद्र थापणारी बाई ती.

"आज काय देवगडचो किनारो केलंस गो?" लवूने ताट पुढ्यात ओढलं. संपात गिरणी गेली, तेव्हापासून तिचा हा नवरा एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन होता. चेष्टेची खोड मात्र गिरणीच्या साचेखात्यातली, मागांच्या खडखडाटात लागलेली.

"खावा मुकाट्यान. नायतर त्याच किनाऱ्यार बुडवीन तुमका."

ती हसली, पण हसू मनगटाशी येऊन अडलं. गौरीच्या रात्री फुगडी घालताना ती पडली आणि हात मोडला. नाक्यावरच्या डॉक्टर वालावलकरांनी लगोलग प्लास्टर घातलं. त्यांचं एक्स-रेचं मशीन बंद होतं. "फोटो नंतर काढू," म्हणाले, आणि ते नंतर काही उगवलं नाही. प्लास्टर सुटलं तर मनगट वळणावरच्या रस्त्यासारखं. डॉक्टर त्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, तुम्ही प्लास्टरातच भाकऱ्या थापल्या असणार."

तेच तिला लागलं. हाडाची कळ सोसवत होती, हे सोसवेना. प्लास्टर होतं तोवर तिने पदरसुद्धा डाव्या हाताने सावरला होता. लवू रांधायचा आणि ती ते गिळायची. तरी शेजारची अंबिका नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "थापल्यानच असतील. रखमा ती, ती कसली गप बसता?"

रखमाने हंडा भरला, घरी ठेवला, आणि लवूला घेऊन ग्राहक मंचात तक्रार देऊन आली. तिला ऐकायचं होतं एवढंच, की चूक तिची नव्हती.

सुनावणीला मागच्या बाकांवर परळची अख्खी चाळ येऊन बसली. ज्यांना काम नव्हतं ते सगळे आले, आणि गिरण्या बंद पडल्यापासून तशांची काही वाण नव्हती. पुढे डॉक्टर वालावलकर, त्यांच्या शेजारी त्यांचे वकील. वकिलांनी खणखणीत आवाजात वाचलं, की रुग्णाने प्लास्टरातील हाताची हयगय केली, सबब डॉक्टरांचा दोष नाही.

अध्यक्षबाईंनी मान वर केली. "रखमाबाई, आता तुमचं म्हणणं सांगा. तुमच्या शब्दांत."

रखमा उभी राहिली आणि घरून घोकून आणलेले शब्द पाखरांसारखे उडून गेले. थोरामोठ्यांपुढे दुःख मांडायची एकच रीत तिने आयुष्यभर ऐकली होती. गणपतीत लवू देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचा, आणि त्याच्या प्रत्येक ओळीला घरदार "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचं. तिने हात जोडले, एक सरळ नि एक वाकडा.

"बा म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या दारात उभी रवली हा."

"व्हय म्हाराजा," मागचे बाक घुमले. कुणी ठरवलं नव्हतं. तोंडंच ती, सवयीने उघडली.

शिपाई दचकला. वकील उठले. "मॅडम, हे कोर्ट आहे की देऊळ?"

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "बोलू द्या त्यांना."

"फुगडी घालताना माझो हात मोडलो."

"व्हय म्हाराजा."

"पलास्तर होता तवसर नवऱ्यान जेवण केल्यान, आणि ता मी गिळलंय."

"व्हय म्हाराजा." यात लवूचाच आवाज मोठा.

"पिठाच्या डब्याक मी हात लावूक नाय. आणि डॉक्टरांनी फोटो न काढताच पलास्तर घातल्यानी."

"व्हय म्हाराजा."

या खेपेला एक आवाज पुढून आला होता. सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टर वालावलकर हात जोडून उभे होते, गावच्या देवळात दर जत्रेला उभे राहतात तसे.

"डॉक्टर, तुम्ही गप्प बसायचं ठरलं होतं," वकील कुजबुजले.

"होकार गेला हो तोंडातून. गाऱ्हाण्यात दिलेला होकार मागे कसा घेऊ?" डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि ते अध्यक्षबाईंकडे वळले. "मॅडम, मशीन बंद होतं तर मी बाईंना मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं होतं. कंटाळा केला. मग चूक दिसली, तर त्यांच्याच पदरात टाकली. ते जास्त वाईट झालं."

रखमाने जोडलेले हात खाली घेतले. लवूने नाक शिंकरलं.

"कबुली लिहून घ्या," अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या.

"आणि ते 'व्हय म्हाराजा', मॅडम?"

"तेही लिहा."

मनगट मोठ्या इस्पितळात पुन्हा बसवलं गेलं, सगळा खर्च डॉक्टरांचा. पुढच्या गौरीला ते दर्शनाला आले, दारातच घुटमळले. रखमाने पदर खोचला आणि नवं गाणं उचललं:

"गौर आली दारात, तिची दृष्ट काढा गं,
डॉक्टर आले घरात, आधी फोटो काढा गं."

बायका हसून लोळायच्या बेताला आल्या. डॉक्टरही हसले, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. लवूने त्यांच्या पुढ्यात पान मांडलं, पानावर भाकरी, अगदी गोल.

फुगडीला समोर अंबिका आली. तिने रखमाचं मनगट कसं धरलं, तर अंडं धरावं तसं.

"घट्ट धर गो," रखमा म्हणाली. "गप बसणारी रखमा नव्हे मी."

अंबिकेने घट्ट धरलं, आणि दोघी गरगरा फिरू लागल्या.