वशिंडावरची एसटी

पहिलीच्या बाईंनी चिमीच्या चित्रवहीत लाल पेनानं लिहून पाठवलं होतं, 'माणसांना नाक नाही. डोळे फार मोठे. पुन्हा काढून आणणे.' दामिनीनं धसकाच घेतला. नांदेडातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झालं, नजर चांगली निघाली. तरी जिवाला घोर. आज रविवारी ती खोडरबर घेऊन लेकीजवळ बसली.

"कुणी शिकवलं गं असं काढायला?"

"ह्यानं." चिमीनं पुस्तक प्रदर्शनातून आणलेलं गोष्टीचं पुस्तक पुढं सरकवलं.

दामिनीनं ते विकत घेतलं होतं, उघडलं नव्हतं. आता उघडलं आणि हातातला रबर हातातच राहिला. पानभर देवणी जातीचा बैल. नाक म्हणजे नुसतं टिंब, डोळे हौदाएवढे, आणि त्यांत आख्खं अहमदपूरचं स्टँड उतरलेलं. वशिंडावर एक एसटी वासरासारखी पाय दुमडून बसलेली. अंगावरचे काळे ठिपके सुटून कावळे होऊन उडत होते. रेघ केसाएवढी बारीक, पण कुठं थरथर नाही.

हा बैल तिनं आधी पाहिला होता.

लातूरच्या होस्टेलवर, बारावीला. खोलीत राजकन्या नावाची मैत्रीण होती, देवणी गावची. रद्दीत मिळालेलं 'मांगा' म्हणतात त्या मोठ्या डोळ्यांच्या जपानी चित्रकथांचं फाटकं पुस्तक उशाखाली घेऊन निजायची. जीवशास्त्राच्या जर्नलात बेडकाच्या पोटात तिनं हाच बैल काढला होता. सर सही करणार नाहीत, पोरीचं वर्ष जाईल, या भीतीनं, राजकन्या आंघोळीला गेल्यावर दामिनीनं बैल खोडला, तिथं नीट आतडी काढली, उजवीकडं नावंही लिहिली. सही मिळाली. राजकन्या एवढंच म्हणाली, "बरं केलीस माय. पर डोळे तरी ठिवायचेस."

दामिनीनं पानावर बोट फिरवलं. बैलामागं करडं धुकं होतं. निरखून पाहिलं, तर रबरानं खोडल्यावर कागदावर राहतो तसा मळ, जपून रेखलेला. आणि त्या मळात पुसटशी बेडकाची आतडी.

खाली नाव होतं : चित्रं – राजकन्या, देवणी.

"मम्मी, नाक काढू?"

दामिनीनं डोळे पुसले. "नको. राहू दे."

"बाई रागावल्या तर?"

"मला बोलवा म्हणावं."

म्हणाली खरी. लाल शेऱ्याखाली 'पाहिले. असेच राहू द्यावे' लिहून सहीही केली. आणि लगेच, उद्या शाळेत जाताना कोणती साडी नेसावी, याची तिला काळजी लागली.